स्टेअरिंग जड लागतं

२३ मार्च २०२५, रविवार. मंठा

गाडी चालू करून स्टेअरिंग फिरवलं की कुंई असा आवाज येतो. चार दिवस झाले. आज बोनेट उघडून पाहिलं. पावर स्टेअरिंगच्या पंपाखाली लाल ऑईल गळलेलं, ऑईलची डबी अर्धी रिकामी. पंप गेला. यात डोकं खाजवण्यासारखं काही नाही, बदलावा लागेल.

एसटीत मी अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर होतो. त्यातली निम्मी वर्षं भरलेली बस नुसत्या हातांनी वळवली. त्यामुळे जड स्टेअरिंगचं मला कौतुक नाही. पण चौदा एप्रिलला बावीस दिवस राहिलेत. जयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांच्या प्रतिमेचा रथ एकवीस वर्षं मी चालवतोय. आधी दुसऱ्यांच्या गाड्या होत्या, रिटायर झाल्यापासून माझाच पिकअप असतो. मिरवणुकीत गाडी माणसाच्या चालीने न्यावी लागते, आणि गाडी जितकी हळू तितकं स्टेअरिंग जड. समोर लेकरं नाचत असतात. तिथे 'थोडं जड आहे' असं म्हणून भागत नाही.

आणखी एक. झोपेतून उठलो तेव्हा डावा हात बधिर होता. अंगाखाली आला असणार. बेबीनंदा म्हणाली, दवाखान्यात दाखवा. आमच्या हिला शिंक आली तरी दवाखाना आठवतो.

२५ मार्च, मंगळवार

पुंजाराम मिस्त्रीकडे गाडी नेली. जालना रोडला त्याचं गॅरेज आहे. आधी मोटारसायकल, आता पिकअप, पंधरा वर्षांत दुसऱ्या कुणाचा पाना मी माझ्या गाडीला लागू दिलेला नाही. त्याने इंजिन चालू ठेवून एका बोटाने स्टेअरिंग फिरवून पाहिलं. बोट अडकलं. म्हणाला, "गेला, भाऊ. जालन्याहून मागवतो. परवा बसवू."

"चौदा तारखेच्या आधी बराबर पाहिजे."

"चौदा तारीख मला सांगू राह्यले का? दरसाल माझ्या शटरपुढूनच जाता ना तुम्ही."

जयंतीसाठी शिवलेला पांढरा शर्ट आणला. टेलरने काजं बारीक केलीत. बटणं लावताना दहा मिनिटं गेली, शेवटी बेबीनंदाने लावून दिली. या टेलरचं आता लक्ष राहिलेलं नाही.

२७ मार्च, गुरुवार

पंप बसला. सकाळी दहाला काम सुरू झालं. पुंजारामने आधी पट्टा उतरवला, जुनं ऑईल डब्यात काढलं, दोन्ही पाइप सोडले. पंपाचा खालचा बोल्ट गंजून बसला होता, त्यानेच दीड तास खाल्ला. नवीन पंपाचं खोकं त्याने माझ्यासमोर फोडलं. आमच्या पुंजारामचा एक नियम आहे, काढलेला पार्ट तो गिऱ्हाइकाच्या हातात देतो. जुना पार्ट मिस्त्रीकडे राहिला की गिऱ्हाइकाच्या मनात किडा राहतो, असं त्याचं म्हणणं. जुना पंप हातात घेतला आणि तो सटकून खाली पडला. ऑईलने माखलेला होता.

मग पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलून ऑईल भरलं. आत राहिलेली हवा काढायला स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवावं लागतं. ते मी फिरवलं. एकदम हलकं लागत होतं. पुंजाराम डबीतले बुडबुडे बघत "अजून, अजून" म्हणत होता. कुंई आवाज बंद झाला. चहा घेतला. त्याच्या हातात जादू आहे, हे मी तिथल्या चार माणसांत बोललोही.

संध्याकाळी बेबीनंदाने डाव्या हाताच्या दोन बोटांवर फोड दाखवले. इंजिनला हात लागला असेल. भाजलं कधी ते कळलं नाही.

२९ मार्च, शनिवार

भाड्याची मोसंबी भरून जालन्याला गेलो. स्टेअरिंग जड. आवाज नाही, गळती नाही, डबी भरलेली, आणि तरी जड. मार्केटच्या गेटात गाडी मागे घेताना घाम फुटला. मी नीट लक्ष देऊन पाहिलं. दोन्ही हात लावले तरी सगळा भार उजव्या हातावर येतो. याचा अर्थ पंप एकाच बाजूला दाब देतोय. नवीन पार्टमध्येही खोट निघते.

३० मार्च, रविवार. पाडवा

गॅरेज बंद. डाव्या पायातली चप्पल दोनदा निसटली. तिचा अंगठा मागच्याच महिन्यात शिवून घेतला होता. चांभारही तसलाच.

३१ मार्च, सोमवार

ही वहीही धड नाही. लिहिताना टेबलावर सरकत राहते. हल्ली कागदच गुळगुळीत काढतात. तिच्यावर तांब्या ठेवून लिहितोय.

२ एप्रिल, बुधवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

पुंजारामला म्हणालो, पंप बरोबर नाही. त्याने गाडीत बसून इंजिन चालू केलं आणि उभ्या गाडीचं स्टेअरिंग एका बोटाने फिरवलं. "हे बघा भाऊ. याच्यापेक्षा हलकं न्हाई होत." मी म्हणालो, तुझी बोटं मिस्त्रीची आहेत, लोखंड वळवायची सवय आहे त्यांना. तो हसला. त्या हसण्याने माझं टाळकं सरकलं. म्हणालो, "हा पंप नवा न्हाईच. जुन्याला रंग मारून खोक्यात घातला आणि माझ्या गळ्यात मारला."

समोरच्या चहाच्या हॉटेलात दहा-बारा माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. मी आवाज कमी केला नव्हता.

पुंजाराम हात पुसत उभा राहिला. म्हणाला, "पंधरा वर्षात ह्ये कोणी म्हणलं न्हाई मला." मग म्हणाला, "परवा या. दुसरा पंप आणतो. सील तुम्हीच फोडा."

बेबीनंदाला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही त्या माणसाला असं बोलले?" बोललो. गाडी माझी आहे, लेकरं समोर नाचणार आहेत, मी का गप्प बसू?

४ एप्रिल, शुक्रवार

दुसरा पंप बसला. सील मी फोडलं, म्हणजे उजव्या हाताने आणि दाताने. पुंजाराम दिवसभर कामापुरतंच बोलला. जुना पार्ट पुन्हा माझ्या हातात दिला. आता घरी दोन पंप आहेत, त्यातला एक जवळजवळ कोरा.

ट्रायलला तो शेजारी बसला. तळणी रोडने तीन किलोमीटर जाऊन आलो. त्याने रस्त्याकडे पाहिलंच नाही, सगळा वेळ माझ्या हातांकडे बघत होता. वळणावर माझा डावा हात स्टेअरिंगवरून मांडीवर आला. नवं कव्हर गुळगुळीत आहे, हात ठरत नाही. तेव्हा त्याने विचारलं, "भाऊ, झोप लागते का बराबर?"

"लागते."

"हाताला मुंग्या येतात का?"

म्हणालो, तू पंपाचं बघ. परत आल्यावर मी सांगितलं, जड आहे. वाटलं, आता हा पाना फेकून मारणार. पण तो नुसतं "बरं" म्हणाला, आणि ते फारच सावकाश म्हणाला.

५ एप्रिल, शनिवार

विहाराच्या गेटातून गाडी आत घेताना डावा आरसा खांबाला लागून फुटला. गवंड्याने तो खांब बाहेर घेतलाय. एकवीस वर्षांत माझ्या हे लक्षात कसं आलं नाही?

७ एप्रिल, सोमवार

जयंती समितीची बैठक झाली. माझा पुतण्या मिथुन यंदा अध्यक्ष आहे. बैठकीआधी त्याने पिकअपची एक चक्कर मारली आणि आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, स्टेअरिंग तर एकदम मख्खन!" हल्लीची पोरं जिमला जातात, त्यांना काय जड लागणार. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "या साली तुम्ही प्रतिमेजवळ बसा. मानाची जागा आहे. गाडी मी घेतो."

मानाची जागा. यांना माझी गाडी पाहिजे, मी नको. मी चक्क नाही म्हणालो.

घरी आलो तर पुंजाराम उंबऱ्याशी उभा राहून बेबीनंदाशी हळू आवाजात बोलत होता. मला पाहून दोघंही थांबले. तो म्हणाला, "भाऊ, एक पाइप बदलायचा राहून गेल्ता. गाडी दोन-चार दिवस ठेवा माझ्याकडं." आणि चावी घेऊन गेलासुद्धा. कसला पाइप ते सांगितलं नाही. बेबीनंदाचे डोळे लाल होते. कांदा चिरत होते म्हणाली. चुलीवर वरण होतं.

मिथुन, पुंजाराम आणि माझी स्वतःची बायको, तिघांचं काहीतरी ठरलेलं आहे. मला बाजूला काढायचंय. वय एकसष्ट आहे, एवढंच ना? एकसष्टाव्या वर्षी माणूस गाडी चालवत नाही का?

८ एप्रिल, मंगळवार

बेबीनंदा म्हणते तिचं बीपी वाढलंय, चक्कर येते. उद्या जालन्याला मोठ्या डॉक्टरकडे न्या म्हणाली. पुंजारामकडून गाडी आणतो म्हणालो तर, "नको, मला पिकअपात मळमळतं, एसटीनं जाऊ." तीन वर्षांत हिला कधी मळमळलं नाही. पण आजारी माणसाशी काय वाद घालायचा.

९ एप्रिल, बुधवार. जालना

सुमेधाच्या घरी बसून लिहितोय. ही आमची मुलगी, मस्तगडला राहते, शाळेत शिकवते. आज तिने रजा काढली होती. आईच्या बीपीसाठी रजा काढली म्हणून मला बरं वाटलं होतं.

डॉक्टरांनी बेबीनंदाचं बीपी पाहिलं. चांगलं निघालं. मग ते माझ्याकडे वळले. म्हणाले, "काका, आलाच आहात तर तुम्हालाही बघतो." मी म्हणालो, मला काही झालेलं नाही. सुमेधा म्हणाली, "पप्पा, दोन मिनटं बसा ना." तिचा आवाज लहानपणी ताप आल्यावर यायचा तसा झाला होता, म्हणून बसलो.

त्यांनी दोन्ही हात समोर सरळ धरायला सांगितले, तळवे वर. मग म्हणाले, डोळे मिटा, दहापर्यंत मोजा. मी मोठ्याने मोजलं. दोन्ही हात बरोबरीने धरले होते मी. हलूही दिले नाहीत. मनात म्हणालो, बघा आता, एसटीतला हात आहे.

दहा झाल्यावर डोळे उघडले. उजवा हात समोर होता. डावा मांडीवर पडला होता.

मी पुन्हा करतो म्हणालो. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

मग मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटलाय, अर्धांगाचा हलका झटका आहे, बहुतेक एकदा नाही तर दोनदा येऊन गेलाय. उशीर झाला, पण हात पुष्कळसा सुधारेल. कधीपासून आहे विचारलं. माझ्या तोंडून निघालं, "पंप बदलायच्या आधीपासून." त्यांना काही कळलं नाही. बेबीनंदाला कळलं. ती पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

गाडीचं विचारलं. सहा महिने स्टेअरिंगला हात लावायचा नाही. नंतर तपासून ठरवू म्हणाले.

पुंजारामनेच बेबीनंदाला सांगितलं होतं. तिने सुमेधाला फोन केला. बीपीचं सोंग सुमेधाने सुचवलं. सुमेधा रडत होती आणि माफीही मागत होती. मी रागावलो नाही. रागवायचं कुणावर, हेच समजेना.

१० एप्रिल, गुरुवार

घरी आलो. गोळ्यांचं पाकीट आणि हाताचे व्यायाम दिलेत. रबरी चेंडू दाबायचा. दाबला जात नाही.

पहाटेपासून मी एकच हिशेब करतोय. तेवीस मार्चनंतर मी पाच वेळा मोसंबी घेऊन जालन्याला गेलो. एका गावात शाळा रस्त्याला लागून आहे. मी जातो तेव्हा शाळा सुटलेली असते. लेकरं रस्त्याच्या डाव्या कडेने चालतात. मला वाटत होतं, दोन्ही हात स्टेअरिंगवर आहेत. डोळे उघडे ठेवूनही मला तसंच वाटत होतं.

मला भीती वाटली. झटका आल्याची नाही. त्या रस्त्याची.

१३ एप्रिल, रविवार

आज सकाळी पुंजारामकडे चालत गेलो. हॉटेलात माणसं होती. ती असावीत म्हणूनच नऊला गेलो. मी गॅरेजच्या दारातूनच मोठ्याने सांगितलं, की पंप नवा होता, दोन्ही पंप नवे होते, पुंजारामच्या कामात खोट नाही. खोट माझ्या हातात होती आणि नाव मी त्याचं घेतलं. एवढं बोलायला मी घरी चार वेळा घोकून गेलो होतो.

पुंजारामने स्टूल सरकवलं. "बसा भाऊ. उन्हाचं कशाला आले?"

"तुला कधी कळलं?"

"ट्रायलला. गाडीत मी एका बाजूला जोर कमी पडू राह्यला तर दुसऱ्या बाजूशी ताडून पाह्यतो. तुम्हाला तसंच पाह्यलं. माझा बाप असाच गेल्ता, भाऊ. त्यो म्हणायचा, विळा जड झाला."

पाइप कुठलाच बदलायचा नव्हता. गाडी धुऊनपुसून उभी होती, डाव्या बाजूला नवा आरसाही बसवलेला होता.

दुपारी मिथुनला शाळेच्या मैदानावर नेलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच गाडीत डावीकडे बसलो. त्याला हाफ क्लच शिकवला, क्लच जळू न देता गाडी माणसाच्या चालीवर कशी ठेवायची ते सांगितलं. ढोल थांबले की लेकरं मागे न बघता मागे सरकतात, तेव्हा पाय आधीच ब्रेकवर हवा. स्टेअरिंग उभ्या गाडीत फिरवायचं नाही, गाडी तसूभर तरी हलू द्यायची आणि मग फिरवायचं. एकवीस वर्षांचं सगळं तासाभरात सांगून झालं. मला वाटलं होतं, जास्त निघेल.

मिथुन म्हणाला, "काका, उद्या शेजारी बसा ना. मला धीर येईल."

नको म्हणालो. शेजारी बसलो तर हात स्टेअरिंगकडे जाईल. मला त्या हाताचा भरवसा राहिलेला नाही.

१४ एप्रिल, सोमवार

पाच वाजता विहारापासून मिरवणूक निघाली. वंदना झाली, निळे झेंडे लागले होते, प्रतिमेला मोगऱ्याचे हार होते. मिथुनने गाडी चांगली उचलली, जरासाही धक्का बसला नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हणून मी बायकांच्या रांगेच्या कडेने बेबीनंदाबरोबर चाललो. रथ मी आजवर मागून कधी पाहिलाच नव्हता. मागून तो बराच लहान दिसतो. जो तो "जयभीम काका, यंदा चालत?" म्हणून विचारत होता. पहिल्या दोघा-तिघांना गुडघ्याचं सांगितलं. नंतर खरं सांगायला लागलो.

पोस्टासमोरच्या वळणावर माझे पाय थांबले. ते वळण अरुंद आहे, दरवर्षी मी तिथे श्वास धरतो. ढोल थांबले, लेकरं मागे सरकली, मिथुनने गाडी तिथल्या तिथे धरली. मग हात-दोन हात पुढे घेऊन सावकाश वळवली. कुणालाही काही कळलं नाही, म्हणजे बरोबर झालं. मला बरं वाटलं आणि लगेच इतकं वाईट वाटलं, की मी रस्त्यातच डोळे पुसले. उजव्या हाताने पुसले. दुसराही लावावा म्हणून डावा उचलायला गेलो, तर तो येईना.

खाली पाहिलं. बेबीनंदाने तो धरला होता. बोटांत बोटं घालून, चांगला घट्ट. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने चार माणसांत माझा हात कधी धरला नव्हता.

"कधीपासून धरलाय?" मी विचारलं.

"विहारापासून," ती म्हणाली.

विहार एक किलोमीटर मागे राहिला होता.